दस्त्यावरचे दात

पाऊस रुसला की गावात सगळ्यात आधी मुकी होते ती ऐरण. नांगरच चालला नाही तर फाळ झिजणार कुठून, आणि फाळ झिजला नाही तर लोहाराच्या दारात कोण कशाला झक मारायला येतो? पहिल्या कोरड्या वर्षी लोहाराने कळ काढली. दुसऱ्या वर्षी त्याने भट्टी एक दिवसाआड पेटवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आलंच तर ते कडी नाहीतर बिजागरी घेऊन येई, आणि तेवढ्यासाठी कोळसा जाळायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तरी तो सकाळी उठून ऐरण पुसत असे. बायको त्यावर म्हणायची, "पुसा पुसा. देव नाही तर नाही, लोखंड तरी पावेल."

बायको म्हणजे काही नुसती घरात बसणारी नव्हती. लग्न होऊन आल्यापासून भाता तीच ओढत होती आणि मोठं काम असलं की घणही तीच मारायची. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. काम बंद पडल्यावर तो खांदा जास्तच दुखायला लागला. वापरात होता तोवर त्याला दुखायला सवड नव्हती, असं तिचं म्हणणं.

त्या घरात तिसरा माणूस म्हणजे लोहाराचा बाप. डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती, कानांनी अर्धी साथ सोडली होती, पण जीभ शाबूत होती. मागच्या खोलीत, भट्टीच्या भिंतीला पाठ लावून तो बसे. ती भिंत ऊबदार असे म्हणून ती त्याची जागा. भट्टी एक दिवसाआड झाल्यापासून तो रोज भिंतीला हात लावून बघे आणि गोधडी ओढून घेई.

अशात एके सकाळी मालकांचा कारभारी टेप घेऊन आला.

लोहारवाडा म्हणून जी जागा सगळे ओळखत, ती खरं तर थोरल्या मालकांची. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी ती म्हाताऱ्याला तोंडी दिली होती. त्या काळी शब्द दिला की झालं, कागद कोण मागतो? आता थोरले मालक गेले, धाकटे गेले, आणि शहरात राहणाऱ्या नातवाने सगळी जमीन शीतगृहवाल्यांना विकायला काढली. कारभाऱ्याने लोहाराला टेपचं एक टोक धरायला लावलं. लोहाराने ते धरलं. स्वतःच्याच भट्टीच्या कोपऱ्यात, स्वतःच्याच ऐरणीशेजारी उकिडवा बसून त्याने ते टोक जमिनीला टेकवलं आणि कारभाऱ्याने लांबी वहीत लिहून घेतली. ऐरण ओलांडून पलीकडे जाताना कारभाऱ्याचा बूट तिला लागला. लोहाराने नंतर तेवढी जागा पुन्हा पुसली.

जाताना कारभारी म्हणाला की बाहेरच्याला जो भाव, तोच तुम्हाला. महिनाअखेरपर्यंत जागा तुम्हीच घेतलीत तर नातवाची काही हरकत नाही. घेतली नाही तर पहिल्या तारखेला जागा रिकामी हवी. माणूस वाईट नव्हता. त्याने हे खाली बघून सांगितलं.

घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे म्हाताऱ्याची बंदूक.

तीही थोरल्या मालकांचीच. म्हातारा तरुणपणी त्यांच्या शिकारीत बंदूक धरणारा माणूस होता. मालक पुढे, हा दुसरी भरलेली बंदूक घेऊन मागे. एकदा म्हणे जखमी अस्वल मालकांच्या अंगावर आलं. मालक पडले, त्यांची बंदूक पलीकडे गेली. याच्या हातातल्या बंदुकीचा बार उडेना, म्हणून याने ती उलटी धरली आणि मागचा लाकडी दस्ता सरळ अस्वलाच्या जबड्यात घातला. अस्वलाने तो चावला, मालकांना तेवढी उसंत मिळाली. त्या बदल्यात बंदूक आणि ही जागा. अशी ती गोष्ट.

गोष्ट गावाने इतक्यांदा ऐकली होती की म्हाताऱ्याने 'अस्वल' म्हटलं की पोरंसोरंही पुढचं वाक्य म्हणत. लोहार लहान असताना अस्वल माणसाएवढं होतं. पुढे ते बैलाएवढं झालं आणि अलीकडे तर झोपडीएवढं. लोहाराची आई जिवंत असताना हळूच सांगायची की अस्वल वगैरे काही नाही, बंदूक गाडीतून पडली आणि चाक गेलं दस्त्यावरून. दस्त्यावर खड्डे होते खरे. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला दोन, आणि त्यातला एक चांगला अंगठा बसेल एवढा. लोहार आईचा. त्याने चाकावर विश्वास ठेवला.

रोज संध्याकाळी सून ती बंदूक म्हाताऱ्याच्या मांडीवर आणून ठेवी. तो त्या मोठ्या खड्ड्यात अंगठा घालून तासभर बसे. परवाना त्याच्याच नावावर होता आणि दरवर्षी नूतनीकरणाला लोहार त्याला पाठुंगळी घेऊन मोटारीपर्यंत नेत असे.

विकायचं म्हटल्यावर म्हातारा रागवेल, असं दोघांना वाटलं होतं. तो रागावला नाही. म्हणाला की जागा तिच्याबरोबरच आली होती, तिच्यापायीच राहत असेल तर राहू दे. मग शाळेच्या मास्तरांना बोलावून त्याने स्वतः पत्र सांगितलं, शहरातल्या एका पारख्याला. जुन्या शिकारी बंदुका पाहून त्या अस्सल की नकली, आणि त्यांचं मोल काय, हे सांगणं हा त्या माणसाचा धंदा होता. लोहार त्या दिवशी कोळसा बघायला बाहेरगावी गेला होता. पत्रात काय लिहिलं ते त्याने विचारलं नाही. अस्वल असणारच, आणि अस्वलाबद्दल विचारायला त्याला हौस नव्हती.

बारा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर उत्तर आलं. मजकूर दोन ओळींचा: पुढच्या बुधवारी येतो, माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, तुमची बंदूक तुम्ही म्हणता तीच असेल तर तो हवी ती किंमत देईल. मास्तरांनी कार्ड वाचून दाखवलं तेव्हा बायकोने पदराने तोंड पुसलं. तिला घाम आला नव्हता.

बुधवारला आठ दिवस होते.

लोहाराने बंदूक फडक्यातून काढून ऐरणीवर ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे काम म्हणून पाहिलं. नळीवर तपकिरी डाग. नळीमागची सरकती खिटी कडक. लाकूड काळपट, तेलकट, हातांच्या मळाने बुजलेलं. नळीवरचा आकडा झिजून इतका पुसट की तिरक्या उजेडात धरल्याशिवाय दिसेना. अशी वस्तू गिऱ्हाइकापुढे ठेवायची? लहानपणी त्याने एकदा घाईत एक विळी तशीच, पाणी देऊन काळी राहिलेली, गिऱ्हाइकाला दिली होती. बापाने ती अर्ध्या वाटेवरून परत आणली होती आणि त्याला समोर बसवून घासायला लावली होती. "भट्टीवरून वस्तू नवरीसारखी गेली पाहिजे," असं बापाने त्याला सांगितलं होतं. ते वाक्य त्याच्या हाडात होतं.

त्याने कानशी मांडल्या. दीड वर्षात पहिल्यांदा त्याच्या हाताला हाताजोगं काम मिळालं होतं, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नसलं तरी त्याला आनंद झाला होता.

पहिले दोन दिवस नळीला गेले. खडबडीत कानस नाही, मऊ. मग पॉलिशपेपर, मग तेलात कालवलेली राख. तपकिरी सगळं उतरलं आणि खालून पांढरं पोलाद वर आलं. तिसऱ्या दिवशी त्याने भट्टी पेटवली. बायको भात्यावर बसली. नळी हलक्या आचेवर फिरवत, तेलाच्या चिंधीने पुसत, परत फिरवत, त्याने तिला असा काळा रंग चढवला की बायको म्हणाली, "कोळशालाही लाज वाटेल." कितीतरी दिवसांनी दोघं भट्टीपाशी हसली. पलीकडे म्हाताऱ्याने भिंतीला हात लावला, ती तापली होती.

"काय चाललंय?" त्याने आतून विचारलं.

"बंदूक साफ करतोय."

"तेल लाव नुसतं. घासू नकोस फार."

"नाही घासत," लोहार म्हणाला आणि घासत राहिला. आंधळ्या म्हाताऱ्याला भीतीच वाटणार. त्याच्या डोळ्यांपुढे अजून बंदूक नवीच असेल, असा त्याने विचार केला.

चौथ्या दिवशी आकडा. लोहाराकडे आकड्यांचे पोलादी ठसे होते. गावातली वजनं, कुदळी, कुणाकुणाचे कोयते यांच्यावर तो खूण घालत असे. झिजलेला ठसा पुन्हा ठोकून देणं हे त्याच्या धंद्यात रोजचं, आणि न ठोकता दिलं तर गिऱ्हाईक हक्काने बोल लावी. त्याने परवान्यावरचा आकडा समोर ठेवला, एकेक ठसा जुन्या पुसट रेघांवर नेमका बसवला आणि एकेका घावात ठोकला. दुसरा घाव कुठे लागला नाही. आता आकडा चार हातांवरून वाचता येत होता. त्याच्या हाताचं त्यालाच कौतुक वाटलं.

मग दस्ता. लाकडाचे दबलेले भाग ओल्या फडक्यावर तापलं लोखंड धरलं की फुगून वर येतात. कुऱ्हाडीचे दांडे करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पण ते सहा खड्डे फुगेनात. लाकडाच्या शिरा दबल्या नव्हत्या, तुटल्या होत्या. चाक गेलं असतं तर दबल्या असत्या. हे त्याच्या हाताला त्याच वेळी कळलं होतं. हात थांबला होता क्षणभर. पण हाताचं ऐकायला त्याला वेळ नव्हता, बुधवार तीन दिवसांवर आला होता.

"ते खड्डे राहू देत का?" बायको म्हणाली. "बाबांचा अंगठा तिथंच असतो."

"गिऱ्हाईक बाबांचा अंगठा विकत घेणार आहे का?"

लोहाराने लाख वितळवली, त्यात त्याच लाकडाचा भुसा कालवला, सहाही खड्डे भरले, वाळवले आणि संबंध दस्ता घासून गुळगुळीत केला. वर जवसाच्या तेलाचे चार हात. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी तेवढी निघेना, तिचे दोन्ही स्क्रू गंजून बसले होते. ते तुटतील म्हणून त्याने पट्टी वरवर घासून सोडून दिली.

त्या आठ दिवसांत म्हाताऱ्याने रोज संध्याकाळी बंदूक मागितली. रोज त्याला सांगितलं की तेल वाळतंय. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "एवढं कुठलं तेल?" आणि मग मागितली नाही.

बुधवारी पारखी आला. बारीक, खोकणारा, कोपरावर ठिगळ लावलेल्या कोटाचा माणूस. रस्त्यात दिसला असता तर छत्र्या दुरुस्त करणारा वाटला असता. त्याने पाणी मागितलं, प्यायलं, भांडं स्वतः विसळून ठेवलं. बायकोला तो तेवढ्यावरूनच आवडला. मग त्याने पालथ्या खोक्यावर बसून पिशवीतून पांढरे हातमोजे, एक भिंग आणि पेनाएवढी बॅटरी काढली.

लोहाराने नवं फडकं दूर केलं.

पारख्याने बंदुकीकडे पाहिलं आणि तो हातमोजे घालता घालता थांबला. एक हात मोज्यात, एक बाहेर. मग दुसराही त्याने सावकाश घातला. खिटी काढून तिच्या पोटावरचा आकडा भिंगाखाली धरला, वर नळीवरचा पाहिला, परत खालचा. नळीत बॅटरी सोडून एक डोळा मिटला. बोट दस्त्यावरून पुढे नेलं, मागे आणलं. लोहार त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता. परीक्षेच्या वर्गात मास्तर पाटीवरून नजर फिरवतात तेव्हा पोरगं उभं असतं तसा.

"हे काम कुणी केलं?" पारख्याने विचारलं.

"मीच केलं," लोहार म्हणाला. अभिमानाने म्हणाला, हे नंतर त्याला पुन्हापुन्हा आठवत राहिलं.

"फार सुरेख हात आहे तुमचा."

असं म्हणून पारख्याने बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. थोरल्या मालकांच्या शिकारीच्या वहीतलं एक पान, त्याची नक्कल. वही शहरातल्या कुठल्याशा लिलावात निघाली होती, आणि त्याच्या गिऱ्हाइकाकडे होती. पानावर मालकांनी स्वतःच्या हाताने दस्त्याचं चित्र काढलं होतं. एका बाजूला चार दात, दुसऱ्या बाजूला दोन. प्रत्येक दाताची खोली लिहिलेली. खाली चार ओळी: अस्वल मोठं नव्हतं, मादी होती, पिलं जवळ असावीत. बंदूक धरणाऱ्याने माझ्या आणि तिच्या मध्ये दस्ता घातला. त्याचं वय वीस. त्याला नंतर ओकारी झाली, आणि त्याने माझी माफी मागितली, दस्ता खराब केला म्हणून.

लोहाराने ते दोनदा वाचलं. अस्वल मोठं नव्हतं. म्हाताऱ्याने ते नंतर वाढवत नेलं होतं, पण अस्वल होतं.

"अशा बनावटीच्या बंदुका अजून बऱ्याच सापडतात," पारखी म्हणाला. तो हळू बोलत होता, दुखणाइताशी बोलावं तसा. "माझ्या गिऱ्हाइकाला ही हवी होती ती या दातांसाठी. तुमच्या वडिलांनी पत्रात सहाही जागा बरोबर सांगितल्या होत्या. वही त्यांनी पाहिलेली असणं शक्य नाही. तेव्हाच मला कळलं की बंदूक खरी आहे."

बायको भात्याच्या दांड्याला धरून उभी होती. तिने विचारलं, ते खड्डे परत मोकळे केले तर? लोहार एकदम पुढे आला. त्याने सांगितलं की लाख आहे, तापवली की निघेल, कुठे किती खोल होते ते मला ठाऊक आहे, आत्ता करून देतो, अर्धा तास थांबा. त्याचे हात कामाला लागल्यासारखे हलत होते.

"निघेल," पारखी म्हणाला. "पण कडा तुम्ही घासल्यात. त्या तुम्हाला पुन्हा पाडाव्या लागतील, आणि तुम्ही त्या इतक्या हुबेहूब पाडाल की मलासुद्धा ओळखू येणार नाहीत. मग मी गिऱ्हाइकाला काय सांगू? दात अस्वलाचे की लोहाराचे?"

मग त्याने आकड्यावर बोट ठेवलं. नळी, खिटी, चौकट, तिन्हींवर एकच आकडा होता, म्हणजे बंदूक जशी बनली तशीच्या तशी राहिली होती. इतकी जुनी आणि एकही भाग न बदललेल्या बंदुका त्याने आयुष्यात चार-पाचच पाहिल्या होत्या. पण आकड्यावर आकडा ठोकलेला असला की कायद्यापुढे ती बदललेली. आता ती विकताच येणार नाही. उलट परवान्याच्या कचेरीत आपण होऊन सांगा, नाहीतर पुढच्या नूतनीकरणाला म्हाताऱ्यालाच उत्तर द्यावं लागेल.

"आकडा तोच आहे," लोहार म्हणाला. "परवान्यावर बघा. एकही चुकला नाही."

"चुकला नाही हे मला दिसतंय. कचेरीला नवा ठसा दिसेल."

शेवटी पारख्याने दस्त्याच्या टोकाच्या पट्टीकडे पाहिलं. पिशवीतून तेलाची बाटली काढून त्याने गंजलेल्या स्क्रूंवर थेंब सोडले, चहा होईपर्यंत वाट पाहिली, आणि मग बारीक पेचकसाने ते एकेक वळसा सोडवले. पट्टी निघाली. तिच्याखाली दोन बोटं लाकूड होतं, जसं बनवणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी झाकलं होतं तसं. लालसर, खोल, आतून उजेड असल्यासारखं. पट्टीच्या आतल्या बाजूला निळा रंग होता, कबुतराच्या मानेवर असतो तसा. लोहाराने चढवलेला काळा त्याच्या शेजारी पाहिला तर तो चुलीच्या तव्याचा काळा होता. आपण इतके दिवस काय घासत होतो ते लोहाराला तिथे दिसलं. तो भट्टीत उगाच सळई हलवत राहिला.

"आहे अशी दिली असती तर?" बायकोने विचारलं. विचारू नये ते तिनेच विचारलं.

पारखी बराच वेळ हातमोजे काढत होता. "ही जागा आली असती," तो म्हणाला. "आणि वर भट्टीसाठी दोन वर्षांचा कोळसा."

आता भिंतीवर लावायलाही कोणी घेणार नाही, असं तो म्हणाला नाही. त्याने पट्टी नीट बसवून स्क्रू आवळले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, आणि हात तरी कसला, तर पंचक्रोशीत नावाजलेला. जाताना पारख्याने म्हाताऱ्याला भेटायचं आहे असं सांगितलं. वीस वर्षांच्या त्या माणसाचा हात एकदा हातात घ्यावा असं त्याच्या मनात होतं. लोहार म्हणाला, बाबा झोपलेत. आतून म्हातारा खाकरला. पारख्याने ते ऐकलं, मान हलवली आणि वहीचं पान ऐरणीवर ठेवून तो मोटारीच्या वाटेला लागला. लोहाराने पान घडी करून खिशात घातलं.

दुपार तशीच गेली. बायकोने जेवण वाढलं, कुणी जेवलं नाही, तिने ते झाकून ठेवलं. मग ती उठून भात्याचं चामडं सोडवू लागली. कशाला, असं त्याने विचारलं. पहिली तारीख सहा दिवसांवर आहे, ऐरण हलवायला चार माणसं लागतील, भाता तरी आपला आपण काढून ठेवू, असं ती म्हणाली. तिचा खाली उतरलेला खांदा हलत होता. ती रडत होती की गाठ घट्ट होती, हे पाठमोरं कळत नव्हतं. लोहाराने जाऊन गाठ सोडवून दिली.

तिने आपल्याला वाटेल ते बोलावं असं त्याला वाटत होतं, आणि ती बोलत नव्हती. सांगितलं होतं मी, एवढं जरी ती म्हणाली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

ऊन उतरलं तेव्हा आतून हाक आली. "गेला का तो माणूस?"

"गेला."

"आणि बंदूक?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आहे," लोहार म्हणाला.

"मग आण की. का अजून वाळतंय तेल?"

लोहाराने बंदूक उचलली. तिचं वजन तेच होतं. ती घेऊन तो मागच्या खोलीत गेला आणि बापाच्या मांडीवर रोज सून ठेवायची तशी आडवी ठेवली. सून दारात येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने नळी धरली आणि उजवा अंगठा सवयीने जिथे जायचा तिथे नेला. अंगठा घसरला. त्याने तो मागे आणला, पुन्हा नेला. मग बंदूक उलटी केली आणि दुसऱ्या बाजूचे दोन शोधले. संबंध दस्त्यावरून त्याने तळवा फिरवला, आधी सावकाश, मग भराभर, अंधारात हातातून पडलेलं काही शोधावं तसा. त्याच्या हाताची कातडी जुन्या चामड्यासारखी होती आणि त्या गुळगुळीत लाकडावर तिचा खरखर आवाज येत होता.

लोहाराने तोंड उघडलं. आठ दिवसांचं सगळं त्याच्या ओठावर होतं, कानस, लाख, ठसे, सगळं. खिशातलं पान त्याच्या हाताला लागत होतं. ते वाचून दाखवायचं तर आधी हे सांगायला हवं होतं.

तेवढ्यात म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. त्याला कोडं सुटलं होतं.

"ही आपली नाही," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने दस्त्यावर बोटं आपटली.

"बदलली त्यानं. आपली घेऊन गेला आणि ही दुसरीच कसली तरी ठेवून गेला. अरे, हिला दातच नाहीत." त्याचा आवाज चढला. "मी सांगितलं होतं मास्तरांना, सगळं लिहू नका. लिहिलं ते सगळं. चोराला वाट दाखवली मी माझ्या तोंडानं."

"बाबा," सून म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता त्याने बोलायचं होतं. त्याला ते कळत होतं. सांगितलं तर म्हाताऱ्याचं अस्वल त्याच्याच पोराने पुसलं होतं, आणि नाही सांगितलं तर एक भला माणूस या घरात जन्मभर चोर राहणार होता.

म्हाताऱ्याने बंदूक मांडीवरून बाजूला सारली. ज्याची असेल त्याला द्या ही, असं म्हणाला. मग भिंतीला हात लावला. भिंत गार होती. त्याने हात तिथेच ठेवला आणि आंधळे डोळे पोराच्या आवाजाच्या दिशेने वळवले.

"तू होतास ना समोर?"

"होतो."

"आठ दिवस तुझ्या हातात होती ती. कधी बदलली, तुझ्या हाताला कळलं नाही?"

लोहाराने आपले हात पाहिले. नखांत अजून लाख होती.

"नाही कळलं, बाबा," तो म्हणाला.